बेलभंडाऱ्याबाहेरचे एक घर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर भरलेल्या ग्रामसभेत, वेल्हे तालुक्यातल्या एका गावाने गावामागच्या डोंगरावर गुरे चारणे बंद केले. ठराव एकमताने मंजूर झाला. नंतर प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाने देवळात जाऊन बेलभंडारा उचलून तशी शपथ घेतली. डोंगराच्या माथ्यावर एक घर होते. त्या घरातून कोणी आले नव्हते, कारण त्या घराला बोलावणेच गेले नव्हते. बोलावणे ज्या यादीवरून गेले, ती यादी मी केली होती.

मी तेव्हा एका स्वयंसेवी संस्थेत काम करत होते. त्याआधी पुण्याच्या एका दैनिकात नऊ वर्षे उपसंपादक होते. संस्थेकडे त्या गावाच्या पाणलोटाचे काम होते. डोंगरावर पडणारे पाणी डोंगरावरच मुरवायचे, माती धरून ठेवायची, आणि हे सगळे गावाने स्वतः करायचे, असे त्याचे स्वरूप होते. चर आणि बांध अभियंता बघत असे. तो आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवर येऊन जाई. माझ्याकडे लोकशिक्षण होते, म्हणजे सभा, इतिवृत्त, घराघरांत जाऊन बोलणे आणि दर पंधरा दिवसांनी देवळाच्या भिंतीवर लावायचे हाताने लिहिलेले भित्तिपत्रक. त्यासाठी गावातच राहणे आवश्यक होते. दूध संकलन केंद्रामागे एक खोली मिळाली. संध्याकाळची एसटी गावात मुक्कामी येई आणि सकाळी परत जाई. खोलीत कोणी येत नसे. काम असले तर लोक उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलत. हा मान होता, असे मला सांगण्यात आले.

पहिल्या महिन्यात देवळासमोर एक प्रयोग केला. दोन घमेली तिरकी ठेवली. एकात मोकळी माती, दुसऱ्यात गवतासकट उचललेला मातीचा थर. दोन्हींवर झारीने सारखे पाणी घातले. एकाखालच्या ग्लासात गढूळ पाणी लगेच आले, दुसऱ्याखालच्या ग्लासात स्वच्छ पाणी हळूहळू आले. पुढे बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, लगीन होऊन आले तवापास्नं ह्येच बघतोय आमी. तुमाला आज दिसलं व्हय?" सगळ्या हसल्या. तिची शेजारीण म्हणाली, "आगं, त्यांच्याकडं पानी नळाला येतं. त्यांला कुठनं दिसायचं?" दोन्ही वाक्ये मी वहीत लिहून घेतली.

ऑगस्टमध्ये शिवारफेरी झाली. शिवारफेरी म्हणजे गावकऱ्यांबरोबर सगळे शिवार पायी फिरून काय कुठे आहे ते कागदावर घेणे. पाणलोटाचे काम माथ्यापासून सुरू होऊन पायथ्याशी येते, म्हणून आम्ही आधी माथ्यावर गेलो. धुके होते. दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते. पठाराच्या कडेला एक घर लागले. भिंतींना बाहेरून गवत बांधलेले होते, दाराला दोर गुंडाळलेला होता, गोठ्यात शेवाळ होते. मी लिहिले, "पडके घर एक. वस्ती नाही." बरोबर सात जण होते. पाणलोट समितीचे अध्यक्ष त्यांत होते. ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मी लिहीत असताना ते शेजारी छत्री धरून उभे होते. कोणी काही बोलले नाही.

डिसेंबरमध्ये माथ्यावर सकाळी धूर दिसला. लाकूड तोडणाऱ्यांचा असावा असे मी धरले आणि तशी नोंद केली. खातरजमा केली नाही.

बेलभंडाऱ्याची कल्पना माझी होती. भोरला एका प्रशिक्षणात इतर गावांचे अनुभव ऐकले होते. चराईबंदी कागदावर राही, पंधरवड्यात कोणीतरी गुरे सोडी, मग सगळेच सोडत. परत आल्यावर मी अध्यक्षांना विचारले, या गावात माणूस काय मोडत नाही? ते म्हणाले, "बेलभंडारा. येकदा देवाम्होरं बेल आन् भंडारा हातात घेतला, का माणूस मरंल, पर मोडनार न्हाई." मी म्हटले, मग चराईबंदीसाठी तोच उचलू या. त्यांनी थोडा विचार केला. "आजवर भांडणतंट्याला उचलत्यात. गवतासाठी कुनी उचलला न्हाई. पर हरकत न्हाई." संस्थेला पाठवलेल्या अहवालात मी त्याला 'स्थानिक परंपरेचा उपयोग' म्हटले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात समितीच्या राखणदाराने डोंगरावर चार म्हशी धरल्या आणि खाली आणून कोंडवाड्यात घातल्या. तासाभराने एक म्हातारी डोंगर उतरून आली. हातात काठी, पायात काही नाही. गवळी धनगरांचे ते एकच घर माथ्यावर उरले होते. नवरा वारलेला, मुलगी पानशेतच्या बाजूला दिलेली. पावसाळ्यात माथ्यावर राहणे अशक्य, म्हणून आषाढात ती घराला गवत बांधून म्हशींसह खिंडीतून मुलीकडे जाई आणि दसरा झाला की परत येई. खरवस, खवा, जे काही विकायचे ते त्याच बाजूला विके. गावात उतरायचे तिला कारण नसे. मला ती दिसली नव्हती याचे स्पष्टीकरण एवढेच.

ती थेट अध्यक्षांपुढे उभी राहिली. "कुनी कोंडली माजी म्हसरं?"

"मावशे, चराईबंदी हाय. गावानं ठरीवलंय."

"कोनच्या गावानं?"

"आपल्याच की."

"आन् म्या कोनच्या गावची?"

अध्यक्ष माझ्याकडे बघू लागले. म्हातारीने विचारले, कागदावर तिच्या घराचे काय लिहिले आहे. मी वही आणली आणि वाचून दाखवले.

"कुनी लिवलं?"

"मी."

"घरात आल्तीस?"

"बाहेरून पाहिलं. दार बांधलेलं होतं."

"आगं, आखाडात वर कोन ऱ्हातं? तव्यावरची भाकर उडून जाती वाऱ्यानं." जमलेले लोक हसले. "पडकं म्हनं! पडकी तूच दिसतीस. हाडं वर आल्यात." पुन्हा हसू. मग ती कोंडवाड्याकडे वळली. म्हशी ओरडत होत्या, सकाळच्या धारा राहिल्या होत्या. "आता धारा कोन काडनार? तू काड. लिवतीस तशी भराभरा काड."

धारा तिनेच काढल्या. भांडे नव्हते, म्हणून कोणीतरी घमेले विसळून दिले. त्या दिवसापुरत्या म्हशी सोडायच्या असे अध्यक्षांनी ठरवले. जाताना तिने ते घमेले माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवले. दूध मी तापवले. ते नासले.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना विचारले, शिवारफेरीत तुम्ही शेजारी उभे होता, मग बोलला का नाहीत?

"ताई, तुमी लिवत हुता. लिवनाऱ्याचा हात मदीच कोन धरंल?"

"आणि यादी केली तेव्हा?"

"तवा आमाला वाटलं, म्हातारी तर हायेच. आसलेलं काय लिवायचं?"

पुढच्या भित्तिपत्रकात मी वर डाव्या कोपऱ्यात चौकट करून दुरुस्ती दिली. माथ्यावर एक घर आहे, तिथे वस्ती आहे, मागील नोंद चुकीची होती, दिलगीर आहोत. दैनिकात अशी दुरुस्ती दिली की विषय संपत असे. अध्यक्षांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "ह्ये कशाला लावलं? गावात समद्यांना ठावं हाय. ठावं न्हवतं ते तुमालाच." दोन दिवसांनी चौकटीवर कोणीतरी लग्नाची पत्रिका चिकटवली.

प्रश्न सोपा होता. म्हातारीला शेत नव्हते. चार म्हशी आणि पठारावरचे गवत, एवढ्यावर ती राहत होती. चराईला पर्याय म्हणून आम्ही लोकांना गवत कापून गुरे दावणीला चारायला सांगत होतो. चार म्हशींचे गवत रोज कापणे तिला शक्य नव्हते. पठारावर चरायला मिळाले नाही तर म्हशी राहणार नाहीत, आणि म्हशी राहिल्या नाहीत तर ती वर राहणार कशी, हे कोणालाही कळत होते. राखणदार तिच्या म्हशी दिसल्या की तोंड फिरवी. पण ते चोरून चारणे होते आणि तिला ते मान्य नव्हते. ती म्हशी घराच्या आसपासच ठेवू लागली. मार्चमध्ये त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या.

मी दर गुरुवारी माथ्यावर जाऊ लागले. तिच्या घरामागे एक झरा होता. डबा भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघून मी त्याची नोंद ठेवत असे. झऱ्याच्या तोंडातला पाला ती रोज काढून टाकी. ते कोणी शिकवले असे विचारले तर म्हणाली, "पानी प्यायचं आसलं का आपसूक येतं." एकदा तिने विचारले, "तुजी मान्सं कुठं हाईत?"

"पुण्याला आई होती. आता नाही."

"मालक?"

"लग्न केलं नाही."

तिने झऱ्यातले एक पान उचलून बाजूला टाकले. "मंग तुला बोलावनं कोन धाडतं गं?"

त्या गुरुवारच्या नोंदीत झऱ्याचा वेळ लिहायचा राहिला आहे.

मी दुरुस्तीचा ठराव तयार केला. माथ्यावरच्या त्या एका घराच्या चार म्हशींना फक्त पठारावर चरण्याची मुभा असावी, उतारावर नाही. अभियंत्याने पठार पाहिले आणि चार म्हशींनी कामाला बाधा येत नाही असे लिहून दिले. संस्थेने होकार कळवला. मी घरोघर जाऊन बोलले. सगळे म्हणाले, म्हातारीचे बरोबर आहे. एकही माणूस विरोधात नव्हता.

एक मेच्या ग्रामसभेला म्हातारी आली. शाळेच्या वर्गात बायकांच्या मागे, दाराजवळ बसली. मी ठराव वाचला. अध्यक्ष म्हणाले, मंजूर असेल त्यांनी हात वर करा.

कोणाचाही हात वर झाला नाही.

मी ठराव पुन्हा वाचला. तेव्हा पुढचा एक जण उठला. "ताई, म्हातारीचं खरं हाय. पर म्या भंडारा उचललाय."

"ठराव बदलता येतो," मी म्हटले. "ग्रामसभेला अधिकार आहे."

"कागुद बदला की. कागदाचं कोन काय म्हंतंय? देवाला काय सांगू? डोंगरावर दात लावू देनार न्हाई म्हनलोय म्या. चार म्हसरं सोडून, आसं न्हाई म्हनलो."

मागून एक बाई म्हणाली, "देव काय म्हसरं मोजत बसतोय व्हय?" हसू आले. पण हात वर झाला नाही, तिचाही नाही. देवळाचे गुरव बसले होते. मी त्यांना विचारले, उचललेला भंडारा परत ठेवता येतो का? ते म्हणाले, "न्हाई. ऱ्हायला आसंल त्याला नव्यानं उचलता येतो. खाली ठिवता येत न्हाई."

मग म्हातारी बसल्या जागेवरून बोलली. "म्या उचलला न्हाई. मला कोन आडवतंय?"

"कोन न्हाई मावशे," अध्यक्ष म्हणाले. "तुला भंडारा लागू न्हाई. तुजं तू बघ."

"म्हंजी समदं गाव येकीकडं, आन् माजं घर येकीकडं."

"तसं कुठं म्हनलो म्या?"

"तसंच म्हनलास. उंद्या मेले तर उचलाया कोन येनार वर? ज्यांनी भंडारा उचललाय ती का ज्यांनी न्हाई ती?" ती अध्यक्षांकडे वळली. "बोल की डायवर. गाडीत तर लई बोलायचास."

म्हातारी काठी टेकून उठली आणि गुरवाला म्हणाली, "चल. दे हिकडं."

मी म्हटले, तुम्ही हे करायलाच हवे असे नाही, ठराव पुढच्या सभेत पुन्हा घेता येईल. ती तोवर दाराबाहेर गेली होती. सगळी सभा तिच्या मागे देवळात गेली. तिने उजव्या हातात बेल आणि भंडारा घेतला, काय म्हणायचे ते गुरवाला विचारले आणि तसे म्हणाली. भंडारा कपाळाला लावला. चार बायका पुढे येऊन तिच्या पाया पडल्या. इतिवृत्तात मी लिहिले, दुरुस्तीचा ठराव बारगळला, चराईबंदीची शपथ न घेतलेले घर आता गावात राहिलेले नाही.

चौथ्या दिवशी तिने म्हशी खिंडीतून मुलीकडे पोचवल्या आणि एकटी परत आली. मे महिन्यातल्या चारही गुरुवारी ती घरीच होती. गोठा रिकामा होता आणि झाडलेला होता. दावी खुंट्यांना गुंडाळून ठेवली होती. खाली उतारावर चर खणण्याचे श्रमदान चालू होते, माणसांचे आवाज वरपर्यंत येत. ती विचारी, "किती आली आज?" मी आकडा सांगे. तिला पुढे काही विचारायचे नसे. दुपारी काम थांबले की पठारावर वाऱ्याशिवाय आवाज नसे.

त्याच महिन्यात भोरहून एक वयस्क मुसलमान पेंटर शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवायला आले. गावात त्यांना सगळे चाचा म्हणत. नकाशात डोंगर, ओढे, विहिरी, चर, घरे होती. माथ्यावरचे घर त्यांनी तांबड्या रंगात काढले. नकाशा बघायला म्हातारी खाली उतरली. भिंतीजवळ जाऊन तिने घर नीट बघितले.

"म्हसरं न्हाई काडली," ती म्हणाली.

चाचांनी कुंचला बुडवला. "काढू का? चार ना? दोन मिनिटांचं काम आहे, मावशी."

"नगं. भंडारा हाय."

चाचांनी कुंचला पुसला. काही वेळाने ते मला म्हणाले, "ताई, चहा मिळेल का इथं कुठं?" हॉटेल नव्हते. मी खोलीवर चहा केला. त्यांनी तो उंबऱ्याबाहेर उभे राहून घेतला.

जूनच्या अखेरीस म्हातारीने घराला गवत बांधले आणि ती मुलीकडे गेली. त्या पावसाळ्यात चर टिकले. एकही बांध फुटला नाही. पुढे उन्हाळ्यात गावातल्या दोन्ही विहिरींना नेहमीपेक्षा जास्त दिवस पाणी राहिले. बंदी कोणी मोडली नाही. इतर गावांतून लोक बघायला येऊ लागले. त्यांना नकाशा दाखवायचे, झऱ्याच्या नोंदी दाखवायचे आणि बेलभंडाऱ्याची पद्धत समजावून सांगायचे काम माझे होते. सारोळ्याच्या बाजूच्या एका गावाने ती पद्धत उचलली. संस्थेने त्यावर एक पुस्तिका काढली. पुस्तिकेचा मजकूर मी लिहिला. माथ्यावरच्या घराचा त्यात उल्लेख नाही. पाने ठरलेली होती.

त्याच्या आधीच, म्हशी गेल्या त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर, म्हातारी वर आली नव्हती. मी तीन गुरुवार जाऊन पाहिले. दाराचा दोर तसाच होता. नोव्हेंबरमध्ये मी खिंड ओलांडून तिच्या मुलीच्या गावी गेले. पुण्याहून धरण बघायला येणाऱ्यांसाठी जावयाने रस्त्याला लागून जेवणाची टपरी टाकली होती. मागे पत्र्याची शेड होती. म्हशी शेडमध्ये बांधलेल्या होत्या. चारपैकी तीन उरल्या होत्या. म्हातारी त्यांच्याजवळ पोत्यावर बसली होती.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "बस."

मी विचारले, वर कधी येणार?

"येऊन काय करू?"

"घर आहे. झरा आहे."

"येक उन्हाळा काडला की. नुसता गोठा झाडला. म्हसरू आसलं का मान्सू बोलतं, ह्ये कर, हिकडं ये, मर तिकडं. तेवडंच तोंड चालतं. म्हसरू न्हाई तर कुनाला बोलू?"

"मी येते की गुरुवारी."

"येतीस. बाकीचे सा दिस?"

तिच्या मुलीने आतून जेवायला बोलावले. टपरीत गिऱ्हाईक होते, त्यामुळे मी आणि म्हातारी शेडमध्येच जेवलो. निघताना ती म्हणाली, "झऱ्याचा पाला काड गं जाताना. तुंबंल." मी परतताना तो काढला.

त्यानंतरच्या मार्चमध्ये, एका सोमवारी, जावई तीन माणसे घेऊन माथ्यावर गेला. त्यांनी घराचे छप्पर उतरवले. पलीकडच्या बाजूला गाडीवाट नव्हती, म्हणून सामान डोक्यावरून आमच्या गावात आणले. अकरा वासे, दोन आढी, एक दार चौकटीसह, एक जाते. अध्यक्षांनी ते टेम्पोत चढवायला हात लावला. म्हातारी बरोबर आलेली नव्हती. टेम्पो दुपारी पाऊण वाजता गावातून निघाला.